शिनोळीत शेड घालावी की उद्यमबागेतच राहावं? सबसिडीच्या आधी बघायच्या गोष्टी

विचारणारे तरुण आहेत. बेळगावच्या उद्यमबागेत भाड्याच्या गाळ्यात तीन सीएनसी आणि एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशीन, चालवतात. काम कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) मशीनिंगचं, गिऱ्हाईक निम्मं बेळगावचं आणि निम्मं कोल्हापूरचं. आता स्वतःची शेड घालायची आहे. सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीत जागा मिळतेय आणि महाराष्ट्राची सबसिडी भारी आहे असं एजंट सांगतो. वडील म्हणतात, गप हितंच रहा. शेवटी विचारणाऱ्यांनी एक मोठा प्रश्नही जोडलाय: सरकारच्या धोरणानं धंद्याला खरंच फरक पडतो, की आपण उगाच सरकारच्या नावानं बोटं मोडतो?

मी बेळगावात सत्तावीस वर्षं करसल्लागार म्हणून काम करतो. माझी खाती बेळगाव, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज अशी दोन्हीकडे विखुरलेली आहेत. दोन राज्यांचे कायदे एकाच टेबलावर ठेवून काम करावं लागतं, त्यामुळे कुठल्या निर्णयानं कुणाचे किती पैसे गेले हे वहीत दिसतं. तेवढ्या आधारावर लिहितो.

आधी २०१७ पूर्वीचं सांगतो, कारण तुमच्या वयाच्या मुलांना ते माहीत नसतं. तेव्हा कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून बेळगावला कास्टिंग विकत घेतलं तर त्यावर २ टक्के सीएसटी, म्हणजे दोन राज्यांतल्या विक्रीवरचा केंद्रीय कर, लागायचा. त्याचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळायचं नाही, ते किमतीतच मुरायचं. कोल्हापूरचा माल चांगला आणि स्वस्त असूनसुद्धा लोक कर्नाटकातला महाग माल घ्यायचे, कारण इथल्या व्हॅटचं क्रेडिट मिळायचं. पलीकडे विक्री केली की या सवलतीच्या दराचा पुरावा म्हणून गिऱ्हाइकाकडून तिमाहीचा सी फॉर्म आणायचा. जॉबवर्कला, म्हणजे नुसतं काम करून घ्यायला, माल पलीकडे पाठवला तर महिन्याला एक एफ फॉर्म. माझ्या एका पार्टीचं पलीकडचं गिऱ्हाईक धंदा बंद करून बसलं आणि दोन तिमाहींचे सी फॉर्म राहिले. असेसमेंट तीन-चार वर्षांनी झालं, तेव्हा पूर्ण दरानं कर, वर व्याज. मालाचे पैसे तर कधीच संपले होते. त्या माणसानं त्या वर्षी बैलहोंगलची वडिलोपार्जित जमीन काढली. ट्रकच्या रांगा आणि नाक्यावरचा 'चहापाणी' वेगळाच.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि कर्नाटकातले विक्रीकराचे नाके उठले. जीएसटीला शिव्या घालणारे माझ्याकडे रोज येतात, मीही घालतो. पोर्टल बंद पडलं की जास्तच. पण सीमेवरच्या कारखानदारापुरतं बोलायचं तर गेल्या पन्नास वर्षांत एवढा उपयोगाचा कायदा दुसरा झाला नाही. कोल्हापूरच्या पार्टीनं आयजीएसटी (दोन राज्यांतल्या व्यवहारावरचा जीएसटी) लावून बिल दिलं की त्याचं पूर्ण क्रेडिट तुम्हाला मिळतं. माल कुठून घ्यायचा हे आता दर आणि दर्जा बघून ठरतं. बेळगाव आणि कोल्हापूर हा कास्टिंगचा एकच बाजार आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनं मध्ये रेघ आली, आणि करापुरती ती २०१७ ला बरीचशी पुसली गेली.

बरीचशी म्हटलं, पूर्ण नव्हे. उरलेली रेघ बारीक धंदेवाल्याला टोचते.

कंपोझिशनचंच घ्या. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदारानं एक टक्का कर भरायचा, बाकी कटकट नाही, अशी ती सोय. त्यातली एक मोठी अट: राज्याबाहेर माल विकायचा नाही. तुमकूरच्या दुकानदाराला ही अट वर्षभर आठवतसुद्धा नाही. बेळगावच्या दुकानदाराचं निम्मं गिऱ्हाईक मात्र चंदगड, आजरा, गडहिंग्लजचं. लग्नाचा बस्ता, भांडी, मोटरपंप, सगळं ते इथून नेतात. काउंटरवर माल हातात दिला तर काय, यावर आम्ही सल्लागार आपापसात वर्षानुवर्षं वाद घालायचो. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात नवीन कलम आलं: नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिला असेल तर तो पत्ता जिथला, तिथं माल पुरवला असं धरायचं. पत्ता नसेल तर दुकान जिथं आहे तिथं. बिलावर नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ताच समजायचा. म्हणजे बिलावर 'मु. पो. कार्वे, ता. चंदगड' लिहिलं की विक्री आंतरराज्य, आणि कंपोझिशनवाला अडकला. नाही लिहिलं तर सुटला. आता पंपाच्या गॅरंटीला पत्ता लागतो. आमच्या एका हार्डवेअरवाल्यानं तोडगा काढलाय: बिल कोरं, आणि पत्ता गॅरंटी कार्डावर. हे मी त्याला सुचवलेलं नाही, त्याचं त्यानंच शोधलं. कलम बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर ऑनलाइन विक्री असणार, चंदगडचं लग्न नसणार.

हे तुम्हाला लागू नाही, तुम्ही कंपोझिशनमध्ये नाही. तुम्हाला लागू आहे ते जॉबवर्कचं. एरवी ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) पन्नास हजारांवरच्या मालाला लागतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मालक एका राज्यात आणि जॉबवर्कर दुसऱ्या राज्यात असेल तर किमतीची मर्यादा नाही. सगळ्या मिळून वीस हजारांच्या चार ब्रॅकेट टेम्पोत टाकून शिरोलीहून आल्या तरी ई-वे बिल पाहिजे. याच्यावरून टेम्पो अडलेले मी बघितलेत. दंड कराच्या दुप्पट बसतो आणि दिवस जातो तो वेगळाच.

आता मुद्द्यावर. तुम्ही शिनोळीला शेड घातली आणि उद्यमबागेतला गाळाही ठेवला, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही दोन माणसं होता. पॅन एकच, पण जीएसटी नंबर दोन. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत पंधरा किलोमीटर गेलं की शिनोळी. पण एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये विकायचा माल हलवला तर त्यावर आयजीएसटी लावून स्वतःलाच बिल द्यायचं. क्रेडिट मिळतं, म्हणून नुकसान नाही असं एजंट सांगेल. ते खरं आहे, पण कर आधी भरायचा असतो आणि क्रेडिट वापरायला पुढं विक्री व्हावी लागते. मधल्या काळात अडकतं ते तुमचं भांडवल. कारखाना परवाना, व्यवसाय कर, ईएसआय, पीएफची कागदं, सगळं दुप्पट. आणि महाराष्ट्राच्या कुठल्याही मोठ्या कामाला कोल्हापूर, म्हणजे शंभरावर किलोमीटर. गंमत अशी की शिनोळीहून कोल्हापूरला जायचा हमरस्ता बेळगाव-निपाणी असा कर्नाटकातूनच जातो.

मग सबसिडी. महाराष्ट्राच्या प्रोत्साहन योजनेचं मुख्य आकर्षण म्हणजे भरलेल्या एसजीएसटीच्या (राज्यातल्या विक्रीवर लागणाऱ्या जीएसटीतल्या राज्याच्या वाट्याच्या) प्रमाणात परत मिळणारा पैसा. एजंट टक्के सांगतो, ते बरोबर असतात. तो सांगत नाही ते असं: ही रक्कम महाराष्ट्रात केलेल्या विक्रीवरच्या एसजीएसटीवर मोजतात. तुम्ही शिनोळीहून बेळगावच्या गिऱ्हाइकाला माल दिला तर लागतो आयजीएसटी. एसजीएसटी शून्य, म्हणून त्या विक्रीवरची सबसिडीही शून्य. निम्मं गिऱ्हाईक बेळगावचं आहे म्हणताय, तेव्हा एजंटानं दाखवलेला आकडा तिथंच अर्धा करा. कर्नाटकाचं धोरण वेगळ्या वळणाचं आहे. इथं लहान उद्योगाला मुख्यतः स्थिर भांडवलाच्या प्रमाणात सबसिडी असते, गिऱ्हाईक कुठलं हे बघत नाहीत. २०२५ मध्ये पाच वर्षांसाठी नवं औद्योगिक धोरण आलंय, त्यात बेंगळुरूपासून दूर असलेल्या भागांना जास्त झुकतं माप आहे. कागदावर कोल्हापूरचा आणि बेळगावचा तरुण, दोघांनाही आपापल्या सरकारनं प्रेमानं जवळ घेतलेलं आहे. दोघांचीही फाईल मंजूर होऊन पैसा खात्यावर यायला किती वर्षं लागतात ते मी बघितलंय. म्हणून मी कुणालाही एकच सांगतो: बँकेला द्यायच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधून सबसिडीची ओळ खोडा आणि मग हप्ता बसतो का बघा. बसत नसेल तर तो धंदा नाही.

वीज. तुमची फौंड्री असती तर मी सगळ्यात आधी विजेबद्दलच लिहिलं असतं. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट लागतात. युनिटमागं एक रुपयाचा फरक म्हणजे टनामागं सहाशे रुपये, आणि कास्टिंगच्या धंद्यात तेवढ्यावर ऑर्डर इकडची तिकडं होते. कोल्हापूरचे फौंड्रीवाले मधल्या काळात विजेच्या दराला वैतागून कर्नाटकात जायची भाषा करत होते ती याच हिशेबानं. मशीन शॉपला वीज लागते, पण खर्चात तिचा वाटा तेवढा नसतो. तुम्ही दर बघाच, पण त्याहून जास्त बघा ते डिमांड चार्ज. मशीन बंद असलं तरी मंजूर लोडवर तो लागतो. उगाच मोठा लोड मागून ठेवू नका.

विजेतून मला एक वेगळी गोष्ट दाखवायची आहे. कर्नाटकाच्या वीज नियामक आयोगानं १२ मे २०२३ ला सरासरी ७० पैसे दरवाढ मंजूर केली आणि ती लागू केली १ एप्रिलपासून. जूनच्या बिलात मागचा फरक, वर इंधन समायोजन. बिल बघून लोक आधी मीटरच खराब झालाय असं समजले. राज्यभर कारखानदारांनी आरडाओरडा केला, आमच्या इथं वडगाव-खासबागचे यंत्रमागवालेही रस्त्यावर आले. दरवाढ होतेच, त्याचं फार नाही. पण एप्रिलमध्ये ओतलेलं कास्टिंग एप्रिलच्या दरानं विकून मोकळा झालेला माणूस जूनमध्ये त्याच्यावर चढलेली वीज कुणाकडून वसूल करणार? माझ्या एका फौंड्रीवाल्याचा त्या तिमाहीचा सगळा नफा त्या एका बिलात गेला. तो म्हणाला, "सर, दर दुप्पट करा म्हणावं, पण आधी सांगून करा." माझ्या टेबलावर मी एवढं शहाणं वाक्य फार वेळा ऐकलेलं नाही.

उसाकडं बघितलं की हेच मोठ्या आकारात दिसतं. तुमचा उसाशी संबंध नाही असं समजू नका. बेळगाव जिल्ह्यात साखर कारखान्यांचा पैसा सुटला की ट्रॉली, गिअर, रोलर, मोटारसायकल, सोनं, सगळं हलतं. उद्यमबागेतल्या कितीतरी शॉप्सना ऑफ-सीझनला कारखान्यांच्याच दुरुस्तीचं काम असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रानं फतवा काढला की ऊस राज्याबाहेर न्यायचा नाही. पाऊस कमी झालेला, आपल्या कारखान्यांना ऊस कमी पडेल ही भीती. शिरोळ, कागल भागातल्या शेतकऱ्याला निपाणी-चिकोडीकडचा कारखाना जवळ पडतो. त्यानं ऊस कुठं द्यायचा हे मुंबईत ठरलं. शेतकरी संघटना उठल्या आणि काही दिवसांत आदेश मागं घेतला. पण तेवढ्यात ऊसतोड टोळ्यांच्या उचली, वाहतुकीचे करार, सगळ्याचा गोंधळ झाला तो झालाच. त्याच वर्षी ७ डिसेंबरला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. इथेनॉल करा, कर्ज देतो, व्याजात सवलत देतो म्हणून ज्या सरकारनं कारखान्यांना डिस्टिलऱ्या उभ्या करायला लावल्या, त्याच सरकारनं ऐन हंगामात नळ बंद केला. आठवड्याभरात मर्यादा घालून तो थोडा उघडला, पूर्ण उघडायला पुढचा ऑगस्ट उजाडला. डिस्टिलरीच्या पाइपिंगचं काम घेतलेल्या माझ्या एका फॅब्रिकेटरची दोन बिलं त्यात अडकली.

साखरेची किमान विक्री किंमत २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये झाली. त्यानंतर एफआरपी, म्हणजे केंद्र ठरवतं ती उसाची किमान किंमत, जवळजवळ दरवर्षी वाढत गेली. २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. एका टोकाला दर बांधलेला आणि दुसऱ्या टोकाला चढता ठेवला की मधला माणूस पैसे थकवणारच. चौदा दिवसांत बिल द्या, नाहीतर पंधरा टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. व्याज मिळालेला शेतकरी शोधून दाखवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर फाट्यावर शेतकरी साडेतीन हजारांसाठी बसले आणि मुख्यमंत्र्यांना बैठक घेऊन तोडणी-वाहतूक सोडून टनाला ३३०० वर मिटवावं लागलं, ते या सगळ्याचं फळ. शेतकऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कारखान्याचं सगळं चुकलं असंही नाही.

निपाणीबद्दल थोडंच. बिडीवर २०१७ ला २८ टक्के जीएसटी बसला, तेंदूपानावर १८. तंबाखूवर कर असावा, त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या वडिलांना तंबाखूनंच नेलं. पण त्याच वेळी बिडी कामगार कल्याणाचा उपकर रद्द झाला. त्या उपकरातून बिडी वळणाऱ्या बायकांच्या दवाखान्याला, मुलांच्या शिष्यवृत्तीला वेगळा पैसा यायचा. कर वाढला आणि त्यांच्या नावाची पेटी गेली. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात गोळीबार झेललेलं गाव आहे ते.

तुमच्या दृष्टीनं सगळ्यात कामाचं आता सांगतो, ते म्हणजे वसुली. लहान उद्योगाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, हे २००६ च्या कायद्यात होतंच. कुणी पाळायचं नाही. आयकर कायद्यात ४३बी(एच) कलम आलं आणि ३१ मार्च २०२४ ला पहिल्यांदा चटका बसला: मुदत उलटलेली बाकी वर्षअखेरीला तशीच राहिली तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. त्या मार्चमध्ये माझ्या मशीन शॉपवाल्यांच्या खात्यांवर वर्ष-वर्ष रखडलेले पैसे आले. माझ्या आठवणीत असा मार्च दुसरा नाही. मग दुसरी बाजूही दिसली. काही मोठ्या पार्ट्यांनी 'उद्यम नोंदणी काढून टाका, मग ऑर्डर देतो' असं तोंडी सांगायला सुरुवात केली, कारण लहान उद्योग म्हणून ही सरकारी नोंद असेल तरच वरचं कलम लागतं. माझ्या दोघांनी काढलीही. त्यातला एक आता पुन्हा १२० दिवसांवर गेलाय. तुम्ही काढू नका. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: पैसे बुडवल्याची तक्रार तुमचा कारखाना ज्या राज्यात आहे तिथल्या परिषदेकडं करता येते, गिऱ्हाईक देशात कुठंही असो. बेळगावला राहिलात तर कोल्हापूरच्या पार्टीला कर्नाटकात यावं लागतं. निकाल विरुद्ध गेला आणि तिला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. नुसती ही ओळ पत्रात लिहिली तरी बरेच चेक निघतात.

माणसांचंही बघा. शिनोळीत काम करणारे अर्धेअधिक कामगार बाची-तुरमुरी-उचगावकडूनच येतात. सीमाप्रश्न पेटला की पहिल्यांदा बस बंद होतात, दोन्हीकडच्या. डिसेंबर २०२२ मध्ये झाल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये झाल्या. दोन दिवस बस बंद म्हणजे दुसरी पाळी बंद. कोरोनात तर या रस्त्यावर नाका बसला होता आणि रोज कामाला येणाऱ्याला आरटीपीसीआर मागत होते. गोव्याला जाणारी आमची भाजी अडली तीही तेव्हाच. तुमच्या सेटरनं (मशीन लावून देणाऱ्या कारागिरानं) दुचाकी घेतलेली आहे का, एवढं विचारून ठेवा. पाटीचंही आलंच: इकडे ६० टक्के कन्नड, तिकडे देवनागरीत मराठी. पेंटरला दोन्हीकडून काम.

बोटं मोडण्याबद्दल विचारलंत. मोडायला हरकत नाही, पण कुणाच्या नावानं मोडतोय ते नीट बघावं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदी बघून लहान दुकानदारांना नोटिसा गेल्या. मूळ कायद्यात काही वावगं नव्हतं. ४० लाखांवर माल विकला तर नोंदणी लागतेच. पण चार वर्षांचा हिशेब एकदम मागितला, त्यात दूध-भाजीवाले, ज्यांच्या मालावर करच नाही, तेही आले. सरकारनं आठवड्या-दोन आठवड्यांत माघार घेतली. तोवर बेळगावच्या भाजी मार्केटमध्येसुद्धा क्यूआरचे स्टिकर खरवडून काढलेले मी बघितले. आठ वर्षं खपून लोकांना लावलेली सवय पंधरा दिवसांत गेली.

तुमच्याबाबतीत माझं मत वडिलांच्या बाजूला झुकतं. पण ते तुमच्या बिलांवर ठरेल. प्लॉटचं टोकन देऊ नका. गेल्या बारा महिन्यांची विक्रीची बिलं काढा आणि दोन ढीग करा, एक कर्नाटकातल्या गिऱ्हाइकांचा, दुसरा बाहेरच्यांचा. दुसऱ्या ढिगातली किती गिऱ्हाईकं खरोखर महाराष्ट्रातली आणि पुढची पाच वर्षं टिकतील अशी, त्यांवर खूण करा. खूण केलेली बिलं एकूण विक्रीच्या दोन-तृतीयांशाच्या वर गेली तर शिनोळीचा विचार करू, आणि तेव्हा उद्यमबागेतला गाळा सोडायचा, दोन्ही ठेवायचं नाही. तेवढी नसतील तर मच्छे किंवा कणगल्याकडं जागा बघा. प्रत्येक बिलावर पैसे किती दिवसांत आले तेही पेन्सिलीनं लिहून आणा.